अजिन, शाल आणि उपरणे : खांद्यावरील वस्त्राचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : गिरगाव, दादर, परळ, लालबाग)

प्रास्ताविक

वेशभूषेचा अभ्यास करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः साडी, धोतर, अंगरखा किंवा पगडी यांकडे जाते. खांद्यावर नुसते टाकले जाणारे, न शिवलेले आणि बहुतेक वेळा शरीराच्या संरक्षणासाठी अनावश्यक असणारे वस्त्र मात्र दुर्लक्षित राहते. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली मुंबईतून प्रसिद्ध केलेल्या भारतीय वेशभूषेवरील ग्रंथात उत्तरीयाचा विस्ताराने विचार केला. त्यानंतर मराठीत या विषयावर झालेले लेखन तुरळकच म्हणावे लागेल. युरोपात या वस्त्राची जागा दीर्घकाळ केसाळ कातड्याने, म्हणजे फरने, घेतली होती. मुंबईसारख्या दमट व उष्ण शहरात फरचा गळपट्टा वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि खांद्यावरील वस्त्राचा माग काढत गेल्यास तो गिरगावातील मुंजीच्या मांडवात एका कातड्याच्या तुकड्यापाशीच जाऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात अजिन, शाल व उपरणे या तीन रूपांचा विचार मुख्यतः दक्षिण व मध्य मुंबईच्या संदर्भात केला आहे. हे वस्त्र कोणी कोणाच्या खांद्यावर घालावे, कोणी घालू नये आणि त्यासाठी किंमत कोणी मोजावी, हे त्यामागील खरे प्रश्न आहेत.

अजिन : खांद्यावरचे पहिले वस्त्र

गृह्यसूत्रांत ब्रह्मचाऱ्याचे उत्तरीय कातड्याचे सांगितले आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार ब्राह्मण बटूसाठी काळविटाचे, क्षत्रियासाठी रुरू मृगाचे आणि वैश्यासाठी बोकडाचे अजिन विहित आहे. म्हणजे अंगावरील केसाळ कातडे पाहून त्या मुलाचा वर्ण ओळखता यावा, अशी ही व्यवस्था होती. शूद्राला उपनयनच नसल्यामुळे त्याच्या वाट्याला अजिन आले नाही. ज्याला आज वस्त्रातून व्यक्त होणारा दर्जा म्हटले जाते, त्याचे इतके स्पष्ट लेखी रूप अन्यत्र क्वचितच आढळते.

गिरगावात दीर्घकाळ वास्तव्य करून धर्मशास्त्राचा इतिहास सिद्ध करणारे भारतरत्न पां. वा. काणे यांनी यज्ञोपवीताची चर्चा करताना एक महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. यज्ञोपवीत हे मुळात सूत नसून डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली घेतलेले अजिन अथवा वस्त्र होते. तैत्तिरीय आरण्यकातील विधान याला आधारभूत आहे. आपस्तंब धर्मसूत्रात गृहस्थाने नेहमी उत्तरीय घ्यावे, अथवा त्याऐवजी नुसते सूत्र चालेल, असा पर्याय दिला आहे. पुढे हा पर्यायच नियम झाला. सोयीसाठी संक्षेप करावा आणि कालांतराने संक्षेपालाच मूळ समजावे, हा कर्मकांडाचा जुना स्वभाव आहे. गिरगाव किंवा दादरच्या मंगल कार्यालयात होणाऱ्या मुंजीत बटूच्या जानव्याला जो बोटभर मृगाजिनाचा तुकडा बांधला जाई, तो या पूर्ण उत्तरीयाचा अवशेष होय.

युरोपातील फर

युरोपात फरचा इतिहास थंडीपासून सुरू होत असला तरी तो लवकरच थंडीला सोडून प्रतिष्ठेच्या मागे गेला. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या कारकिर्दीत १३३७ मध्ये व पुन्हा १३६३ मध्ये कोणत्या स्तरातील लोकांनी फर वापरावी याविषयी कायदे करण्यात आले. सर्वसामान्यांना केवळ स्वस्त कातड्यांची मुभा होती. अर्मिनची, म्हणजे हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या आणि शेपटीचे टोक काळे राखणाऱ्या एका लहान प्राण्याची, फर राजघराण्याच्या व न्यायाधीशांच्या झग्यावर आली. सोळाव्या शतकात इटलीतील उमराव स्त्रिया सेबलचे संपूर्ण कातडे, त्याला सोन्याचे मुंडके व रत्नजडित पंजे लावून, खांद्यावर टाकीत किंवा कमरेला अडकवीत. पिसवा आकर्षून घेण्यासाठी हे कातडे वापरले जाई असे पुढे सांगण्यात आले, परंतु ते कथन उत्तरकालीन आहे. पिसू जिवंत, उबदार अंग सोडून मेलेल्या कातड्याकडे कशासाठी जाईल, हा प्रश्न कोणालाही सुचावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर कोल्ह्यांची व्यापारी पैदास सुरू झाली आणि डोके-पायांसह कोल्ह्याचे कातडे गळ्यात घालण्याची फॅशन मध्यमवर्गापर्यंत उतरली. १९५० च्या दशकात मिंकचा गळपट्टा पाश्चात्त्य संपन्न गृहिणीचे चिन्ह बनला. १९८० नंतर प्राणिहक्कांच्या चळवळीने या चिन्हाचा अर्थ बदलला. ब्रिटनच्या संसदेने २००० साली कायदा करून इंग्लंड व वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यास बंदी घातली. प्रतिष्ठेची वस्तू लज्जेची कशी होते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

काश्मीरची शाल आणि कोयरी

भारतात फरचे कार्य शालीने केले, आणि शाल ही कातड्याची नव्हे तर केसांची वस्तू आहे. चांगथांगच्या उंच पठारावरील बकऱ्यांच्या अंगावर हिवाळ्यात बाह्य राठ केसांखाली जो मऊ थर येतो तो उन्हाळ्यापूर्वी विंचरून काढला जातो. हाच पश्मिना. बकरी जिवंत राहते आणि पुढील वर्षी पुन्हा लोकर देते. हा तपशील येथे मुद्दाम नोंदविला आहे, कारण पुढे तो निर्णायक ठरतो.

अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत शालीविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. अकबराने दोन शाली पाठीला पाठ जोडून पांघरण्याची पद्धत पाडली, असे त्यात नमूद आहे. दोन्ही बाजूंनी सुलट दिसणाऱ्या या जोडीलाच दुशाला आणि मराठीत शालजोडी म्हणतात. नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीनंतर (१७९८-१८०१) काश्मिरी शाली फ्रान्समध्ये पोहोचल्या व सम्राज्ञी जोसेफिनच्या संग्रहामुळे तेथे त्यांची लाट आली. मागणी पाहून स्कॉटलंडमधील पेस्ली गावाने त्यांची नक्कल विणली. शालीवरील ज्या आकृतीला मराठी स्त्री कोयरी म्हणते, हळदीकुंकवाच्या पात्राला ज्या आकारामुळे तेच नाव पडले, ती आकृती जगात पेस्ली या नावाने ओळखली जाते. मूळ कारागिराचे गाव मागे पडले आणि नक्कल करणाऱ्याचे गाव नावात राहिले.

१८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, फ्रेंच बाजारपेठ कोसळली. त्याच सुमारास पाठीमागे फुगवलेल्या झग्याची फॅशन आल्याने त्यावर शाल नीट बसेना. १८७७ ते १८७९ या काळातील काश्मीरच्या दुष्काळात विणकरांचे अतोनात हाल झाले. अनेक मेले, अनेक परागंदा झाले. पॅरिसमधील झग्याचा घाट बदलल्याने श्रीनगरमधील माग बंद पडावा, ही साखळी शतकभरानंतर गिरणगावाला अनोळखी वाटली नसती.

शिरपाव ते शालजोडी

मराठी राज्यात शेला, शालजोडी, पागोटे ही वस्त्रे शिरपावाचा भाग होती. शिरपाव देणे ही केवळ भेट नव्हती. देणारा वरचा आणि घेणारा त्याच्या आश्रयातील, हे नाते त्या क्षणी सर्वांसमक्ष प्रस्थापित होई. स्वतः विकत घेतलेली शाल व दुसऱ्याने पांघरलेली शाल यांत म्हणूनच फरक होता. विद्वानांना शालजोडी देण्याच्या प्रघातामागेही हेच सूत्र दिसते. मराठी भाषेने या मानाची नोंद घेताना त्यातील दंभही टिपला आहे. शालजोडीतून मारणे हा वाक्प्रचार तयार झाला तो उगाच नव्हे. मऊ वस्त्रात गुंडाळलेला जोडा हे शिष्टाचाराचे इतके मार्मिक वर्णन आहे की त्यावर भाष्याची गरज उरत नाही.

एकोणिसाव्या शतकात गिरगावच्या वाड्यांतून आणि चाळींतून स्थिरावलेल्या पांढरपेशा वर्गाने शालजोडीची जागा सुती उपरण्याला दिली. कचेरीत जाणाऱ्या कारकुनाने इंग्रजी पद्धतीचा कोट घातला तरी धोतर, पगडी व गळ्यातील उपरणे बराच काळ टिकले. लोकमान्य टिळकांच्या छायाचित्रांतील उपरणे याच वर्गाचे आहे, आणि टिळकांमुळे त्याला राजकीय अर्थही प्राप्त झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी गिरगाव चौपाटीवर ज्या जनसमुदायाने त्यांना निरोप दिला, त्यात उपरणेवाले होते तसे गिरणी कामगारही मोठ्या संख्येने होते, हे विसरता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे वस्त्र दुहेरी अर्थाचे होते. नऊवारीवर घडी केलेली शाल दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसलेल्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया जुन्या छायाचित्रांत आढळतात. घराबाहेर, सभेत, चारचौघांत जाण्याचा तो परवाना होता. त्याच वर्गातील विधवेला मात्र केशवपनानंतर लाल आलवण डोक्यावरून घ्यावे लागे. एक पांघरूण मानाचे आणि दुसरे शिक्षेचे, आणि दोन्हींची निवड त्या स्त्रीच्या हाती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, तेव्हा कामगार चळवळीतील एका पुढाऱ्याने उच्चवर्णीय घरातील या शिक्षेवर बोट ठेवले होते.

परळ : कापड विणणारे आणि कापड जाळणारे

गिरगावातून परळ-लालबागला येताना वस्त्राकडे पाहण्याची दृष्टी बदलते. येथे कापड पांघरणाऱ्यांपेक्षा विणणारे अधिक. कावसजी दावर यांची ताडदेव येथील कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात मध्य मुंबईचा गिरणगाव झाला. देशावरून आणि कोकणातून आलेला कामगार वळकटी घेऊन येई. देशावरच्या कामगाराच्या वळकटीत घोंगडी असे. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, धनगरांनी कातरलेल्या केसांपासून सनगरांनी विणलेली ही घोंगडी पावसात खोळ म्हणून डोक्यावर येई, रात्री अंथरूण होई, जागरणात खंडोबाच्या पूजेला बसायला होई. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांना अंथरायला-पांघरायला दुसरे साधन नव्हते. वस्त्रसंग्रहालयांनी शालींचे जतन केले. घोंगडी मात्र झिजेपर्यंत वापरली गेल्याने तिचे जुने नमुने सहसा उरले नाहीत.

३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या हस्ते विदेशी कापडाची होळी पेटविण्यात आली. उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीचे आवार त्यासाठी उपलब्ध करून दिले होते. घराघरांतून आलेल्या ढिगाऱ्यात तलम व उंची वस्त्रेही होती. गांधींचे स्नेही सी. एफ. अँड्र्यूज यांना ही होळी रुचली नाही. गरिबांना देता येण्याजोगे, कोणाच्या तरी श्रमाने विणलेले कापड जाळणे ही हिंसाच आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले व गांधींनी ते यंग इंडियात छापून त्याला उत्तर दिले. दोषाची वस्तू गरिबाला देणे हा त्याचा अपमान आहे, ही गांधींची भूमिका होती. या वादात कोणाची बाजू बळकट होती, याविषयी आजही दुमत होऊ शकते. मात्र अँड्र्यूज यांचा आक्षेप भावनिक म्हणून बाजूला सारता येत नाही. दोनच महिन्यांनी मदुराई येथे गांधींनी स्वतः पंचा स्वीकारला व आवश्यक तेव्हा पांघरण्यापुरती चादर ठेवली. १९३१ मध्ये ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले ते याच वेशात, खांद्यावर शाल घेऊन. अर्मिनच्या दरबारात ती शाल पुरेशी बोलकी होती.

१२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापड वाहून नेणाऱ्या मालमोटारीसमोर आडवे पडून बाबू गेनू यांनी प्राण दिले. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथून आलेला बाबू गेनू गिरणी कामगार होता. कापडाच्या प्रश्नाने त्याच्यासारख्या कामगाराकडून प्राणांचे मोल घेतले, हे या इतिहासातील सर्वांत जड पान आहे.

नाकारलेले काठ

परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. पुढे दादरला त्यांनी राजगृह बांधले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील निबंधात त्यांनी इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या अटी वृत्तपत्राच्या आधारे नोंदविल्या आहेत. जरीकाठाची पगडी वापरू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, या त्यांतील अटी होत. इंग्लंडच्या चौदाव्या शतकातील फरच्या कायद्यांशी त्यांचे साम्य उघड आहे, परंतु फरक अधिक महत्त्वाचा आहे. इंग्रज व्यापाऱ्याला श्रीमंत झाल्यावर वरची फर मिळू शकत असे. बलाईला पैसे असूनही काठ मिळत नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे आंबेडकरांनी स्त्रियांना जात ओळखू येईल अशी साडी नेसण्याची व दागिने घालण्याची पद्धत सोडण्यास सांगितले, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. आंबेडकरांचा सूट आणि गांधींची चादर यांची तुलना अनेकदा केली जाते. ज्याला वस्त्र नाकारले गेले त्याने ते परिधान करणे आणि ज्याला ते उपलब्ध होते त्याने त्याचा त्याग करणे, या दोन भिन्न कृती आहेत आणि त्यांचे मूल्यमापन एकाच मापाने करणे योग्य नाही. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे येणाऱ्या समुदायाच्या गळ्यात दिसणारे निळे उपरणे कोणा वरच्याने दिलेले नसते, हे त्याचे वेगळेपण होय.

सत्काराची शाल

स्वातंत्र्योत्तर काळात शाल-श्रीफळ ही सार्वजनिक मानाची ठरावीक भाषा झाली. १९३५ साली स्थापन झालेला गिरगावचा मुंबई मराठी साहित्य संघ, १९६५ पासूनचे दादरचे शिवाजी मंदिर, शिवाय असंख्य शाळा, पतपेढ्या, गणेशोत्सव मंडळे यांच्या व्यासपीठांवर हा विधी पार पडत आला आहे. शाल बहुधा अमृतसर किंवा लुधियानाकडील कृत्रिम धाग्याची असते. मे महिन्यात, पंख्याखाली घामाघूम झालेल्या सत्कारमूर्तीला ती पांघरली जाते आणि छायाचित्र निघताच तत्परतेने काढून घडी केली जाते. अनेक प्राध्यापकांच्या घरी अशा शालींचा खण आहे, आणि त्यांतील काही शाली पुन्हा दुसऱ्याच्या सत्काराला जातात, हे उघड गुपित आहे. असे असूनही सत्कारात शाल नसेल तर सत्कार झाल्यासारखे वाटत नाही. उबेचा उपयोग संपल्यावरही चिन्ह टिकते.

राजकीय पक्षांनी हीच भाषा अधिक रोखठोक केली. पक्षप्रवेश म्हणजे पक्षाच्या रंगाचे उपरणे गळ्यात घालून घेणे, असे समीकरण रूढ झाले आहे. हा शिरपावच होय. बदल इतकाच, की जुना शिरपाव घेणारा सहसा आयुष्यभर त्या दरबाराशी बांधील राहत असे.

विद्यापीठांचे पदवीदान समारंभही या चर्चेत येतात. केंब्रिजच्या पदवीधराच्या पाठीवरील पडत्या टोपीला पांढऱ्या फरची किनार असते. भारतीय विद्यापीठांनी ब्रिटनकडून झगा घेतला, फर गळून पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये समारंभाच्या पोशाखासाठी हातमागाच्या कापडाचा आग्रह धरला. त्याच वर्षी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाने झग्याऐवजी देशी पोशाख व पुणेरी पगडी आणली, तेव्हा पगडी पुणेरी की महात्मा फुल्यांची, यावरून विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. परकीय चिन्ह काढले की देशी चिन्ह सर्वांचेच असते, हे गृहीतक त्या सभागृहात टिकले नाही.

कायदा, काळवीट आणि शाहतूश

पश्मिन्याहून तलम अशी शाहतूश शाल अंगठीतून आरपार जाते म्हणून प्रसिद्ध होती. चिरू या तिबेटी हरणाने झुडपांवर घासून सोडलेले केस वेचून ती तयार होते, असे गिऱ्हाइकांना सांगितले जाई. वस्तुस्थिती अशी की चिरू पाळता येत नाही, त्याला विंचरता येत नाही. केसांसाठी त्याला मारावेच लागते आणि एका शालीला साधारण तीन ते पाच जनावरे लागतात. १९७९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार करारात चिरूला सर्वोच्च संरक्षण आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. जम्मू-काश्मीरमध्ये स्वतंत्र कायदा असल्याने तेथे २००२ मध्ये बदल झाल्यावर विणकामही बेकायदा ठरले आणि शाहतूशवर पोट असलेली कुटुंबे उघड्यावर आली. प्राण्याचे रक्षण योग्यच होते. त्या विणकरांना पश्मिन्याकडे वळविण्याची जबाबदारी मात्र कायद्याइतक्या तत्परतेने कोणी घेतली नाही.

हाच अधिनियम गिरगावच्या मुंजीलाही लागू होतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि १९८६ च्या दुरुस्तीने अनुसूचित प्राण्यांच्या वस्तूंचा व्यापार बंद झाला. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्यांच्या कातड्याचा बोटभर तुकडा विकणे हा गुन्हा आहे. धार्मिक विधीचे कारण त्यात सवलत देत नाही. आपस्तंबाने कातड्याऐवजी सूत मान्य केलेले असल्याने श्रद्धाळू यजमानासमोर अडचण उभी राहण्याचे कारणही दिसत नाही.

जुन्या घरांतील वस्तूंचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आजोबांचे बसायचे मृगाजिन, आजीच्या ट्रंकेतील नेमकी कोणत्या केसांची ते ठाऊक नसलेली शाल, अशा वस्तू गिरगाव-दादरच्या घरांत निघतात. २००३ मध्ये शासनाने अशा वस्तू जाहीर करण्यासाठी मुदत दिली होती. संरक्षित प्राण्यांपासून बनलेल्या अशा वस्तूंची विक्री करता येत नाही. वारसाहक्काने त्या हाती आल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. शाल पश्मिन्याची की शाहतूशची, हे हाताला लागणाऱ्या मऊपणावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी शालीत राहून गेलेले राठ संरक्षक केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात, कारण चिरूच्या केसांची अंतर्रचना बकरीच्या केसांहून वेगळी असते.